हमझाचा वाटा

रत्नागिरी
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय नाना,
अस्सलाम आलेकुम.

तुमचा दम पोचला. झरीनने मेसेज केला की नाना म्हणतात, तुझा भाऊ पत्र लिहायला विसरला म्हणजे पोहायलाही विसरला असणार. घ्या, बसलो लिहायला. हॉस्टेलवर मी कागद काढला की पोरं विचारतात, कुठल्या मुलीला लिहितोयस. मी सांगतो, माझ्या आजोबांना. जहाजाच्या इंजिनखोलीत तेलवाल्याचं काम करून करून त्यांचे कान गेले, फोन कानाला लावून उपयोग नाही, आणि व्हिडिओ कॉल केला तर म्हणतात तुझं नाक तेवढं दिसतं. पोरं हसतात. पण तुमचं पत्र आलं की सगळ्यांना वाचायचं असतं.

वीस तारखेला, रविवारी, इथल्या पोहण्याच्या तलावावर आमची शेवटची स्पर्धा आहे. हंगामातली शेवटची आणि माझ्या कॉलेजातलीही शेवटची, कारण एप्रिलमध्ये परीक्षा झाली की मी इथून बाहेर. चारशे मीटरमधले पहिले दोघं विद्यापीठाच्या संघात जातात. गेल्या वर्षी मी तिसरा आलो होतो, हे तुम्ही अजून मोहल्ल्यात कुणाला विसरू देत नाही. या वेळी हरिश्चंद्र सर म्हणतात, तुझं अंग पाण्यात बसलंय आता. ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. सावर्ड्याचा ऋत्विक म्हणून एक आहे, उंच, लांब हातांचा. तो आणि मी, दोघांत तिसरा कोणी शिरला नाही तर झालं.

पप्पांचा कुवेतहून फोन आला होता. त्यांनी साफ सांगितलंय. संघात आलास तर खेळाच्या शिक्षकाचा कोर्स कर, रत्नागिरीत राहा, मी आड येणार नाही. नाही आलास तर परीक्षा झाल्यावर इकडे ये, गोदामात जागा आहे, शब्द टाकून ठेवलाय. मी हो म्हटलं. अम्मी म्हणाली, असं कशाला कबूल केलंस. मी म्हटलं, याहून बरं काही मिळत नव्हतं.

मला तिकडे जायचं नाही नाना. हे पप्पांना बोलता येत नाही, ते आयुष्यभर तिथे राबले, त्यांना ते लागेल. तुम्हाला लिहितो. मला इथल्या तलावावर पोरांना शिकवायचंय, आणि सुट्टीच्या दिवशी जेटीवर तुमच्या शेजारी उभं राहून तुमच्यासारखं खेकसायचंय. माझ्यासाठी दुवा करा.

तुमचा,
हमझा


जुनी तर, ता. गुहागर
११ ऑक्टोबर २०२४

हमझा बेटा,
वालेकुम सलाम.

पत्र मिळालं. अक्षर असं काढलंयस की तुझ्या अम्मीने, हफीजाने, दोनदा डोळे ताणले तरी मला तिसऱ्यांदा स्वतः बघावं लागलं. हात फक्त पाण्यात चालवायचे असतात असं कुणी सांगितलं तुला?

गेल्या वर्षीचा तिसरा नंबर मी विसरू देत नाही कारण तो मला विसरता येत नाही. पण तुझे सर म्हणतात तर खरं असेल. तू लहानपणापासून पाण्यात बसलेलाच आहेस, ते त्यांना आत्ता कळलं. पाठीला दोन असोले, सालासकट नारळ बांधून तुला पहिल्यांदा जेटीवरून सोडला, तेव्हा बाकीची पोरं रडतात तसा तू रडला नाहीस. नारळ सोडा म्हणून रडलास.

माझा पोहण्याचा कारखाना चालू आहे. या खेपेला सात पोरं आहेत, तीन पोरी. काशीरामच्या वाडीतलीही येतात. तीच रीत, उतरण्याआधी रांगेत उभं राहायचं आणि नेम म्हणायचा. पाण्यात हात दिसला की हातातलं टाकून जायचं, विचार मागून करायचा. नेम म्हटल्याशिवाय मी कुणाला पायसुद्धा भिजवू देत नाही, हे तुला सांगायला नको.

परवाच त्याची गंमत झाली. खाडीच्या तोंडाशी एक पाहुणा होडीतून कलंडला, मुंबईचा, पोहता न येणारा. काशीरामचं जाळं अर्धं ओढून झालं होतं, भरलेलं होतं. त्याने ते तसंच सोडलं आणि उडी मारली. पाहुणा वाचला, जाळं गेलं भरतीबरोबर. संध्याकाळी आपल्या रीतीप्रमाणे प्रत्येक होडीने काशीरामचा वाटा काढून ठेवला. बोय, मांदेली, एकाने तर पापलेट दिलं. काशीरामची बायको म्हणाली, एवढी मासळी याने कधी स्वतः धरून आणली नव्हती. सगळा गाव हसत होता. जो दुसऱ्यासाठी आपलं सोडतो त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढं आपल्या खाडीला अजून कळतं.

आता शर्यतीचं. शेजारी कोण आहे, किती पुढे आहे, ते बघू नकोस. तू तुझं पाणी काप. आदल्या दिवशी वडापाव खाऊ नकोस. तू जिंकलास तर तुझा बाप शब्द पाळील, तो तसा सरळ माणूस आहे. मी आता किती वर्षं जेटीवर उभा राहणार? गुडघे कुरकुरतात. माझ्या मागून पोरांना पाण्यात सोडणारं कोणीतरी हवं, आणि ते तू असावंस एवढीच माझी हाव आहे. बाकी अल्लाची मर्जी.

दुवा आहेच. ती मागायची नसते.

तुझा नाना


रत्नागिरी
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय नाना,
अस्सलाम आलेकुम.

काल शर्यत झाली. नंबर आला नाही. संघात दुसरे दोघं गेले, त्यात ऋत्विक आहे.

पाणी चांगलं होतं. वडापाव खाल्ला नव्हता. काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, शर्यतीत असं होतं. पप्पांना मी स्वतःच फोन करून सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी पासपोर्टची तारीख विचारली.

अम्मीला सांगा, काळजी करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत घरी येत नाही, अभ्यास साचलाय. झरीनला म्हणावं मला सारखे मेसेज करू नकोस.

तुम्ही दुवा केलीत, मी त्याचं काही करू शकलो नाही. माफ करा.

हमझा


जुनी तर
२५ ऑक्टोबर २०२४

हमझा बेटा,

तुझं पत्र हे पत्र नव्हे, तार आहे. एवढ्यात आटोपलंस म्हणजे रडून लिहिलंयस. रड. त्यात लाज कसली? मी पहिल्यांदा जहाजावर चढलो तेव्हा मुंबईपासून एडनपर्यंत रडत होतो, वरच्या माणसांना वाटत होतं इंजिनाचा धूर डोळ्यात गेला.

माझ्याही जिवाला लागलंय, खोटं कशाला सांगू. दोन दिवस जेवण गेलं नाही. हफीजा म्हणते पोराला हे लिहू नका. पण तू मला खरं लिहीत नाहीस आणि मीही तुला खरं लिहिलं नाही तर मग टपालाचा खर्च कशाला करायचा? तुझ्या बापाशी मी बोलतो, म्हणजे हफीजाला बोलायला लावतो. एक वर्ष मागून घेऊ.

२७ ऑक्टोबर

वरचं पत्र टाकायचं राहिलं आणि राहिलं तेच बरं झालं. गधड्या, हे तू लपवलंस? "लिहिण्यासारखं नाही" म्हणे!

काल झरीन मोबाइल घेऊन बसली होती. मला बघून तिने तो ओढणीखाली घेतला, तेव्हाच मला संशय आला. हिसकावून घेतला आणि बघितलं. त्यात तू होतास. तुझी शर्यत कुणीतरी धरून ठेवली होती. तू सगळ्यांच्या पुढे होतास, हमझा. पुढे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि मग शेजारचा तो उंच पोरगा पाण्यात उभा झाला, मान मागे गेली, हात वर आला, आणि तू मधली दोरी ओलांडून त्याच्याकडे गेलास. शर्यत टाकून. काखेत हात घालून धरलास त्याला, मी शिकवला तसाच. एक क्षण थांबला नाहीस.

मी झरीनला तेच तेच पुन्हा लावायला लावलं. हफीजा रडत होती. मीही रडलो, पण माझं रडणं वेगळं होतं. नंबर गेला तर गेला. तो पोरगा आज चालतोबोलतो आहे तो तुझ्यामुळे.

संध्याकाळी मोबाइल घेऊन जेटीवर गेलो आणि सगळ्यांना दाखवलं. होड्यांवरच्या सगळ्यांना, चहाच्या टपरीवर, काशीरामला, पोरांना रांगेत बसवून. सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितलं. कोणी काही बोललं नाही, एवढा परिणाम झाला त्यांच्यावर. मी म्हटलं, बघताय काय, रीत विसरलात काय रे? काशीराम पहिला उठला. मग एकेक करून सगळ्या होड्यांनी तुझा वाटा काढला. ताजी मासळी एस.टी.त नासेल म्हणून सुकी दिली. सोडे आहेत, बोंबील आहेत, सुकट आहे. पिशवी ड्रायव्हरच्या हातात दिली आहे, स्टँडवर जाऊन घे. तो तुझा हक्काचा वाटा आहे, मान खाली घालून घेऊ नकोस.

आता तुझ्या बापालाही हे दाखवणार आहे. हे बघून तो तुला कसा काय बोलावतो तेच बघतो.

तुझा नाना, ज्याची छाती आज मावत नाही


रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

नाना,

त्या व्हिडिओला आवाज आहे.

तुम्हाला तो ऐकू आला नाही म्हणून मी लिहितो. पप्पांना दाखवला नसेल तर दाखवू नका.

ऋत्विक बुडत नव्हता. त्याचा चष्मा सरकला, डोळ्यांत पाणी गेलं आणि पोटरीत गोळा आला. तो दोरी धरणार होता. दोरी त्याच्या हाताशी होती. काठावर उंच खुर्चीत जीवरक्षक बसला होता, त्याने उठायचीही तसदी घेतली नाही, कारण उठण्यासारखं काही नव्हतंच. हे सगळ्या तलावाला दिसत होतं. मला दिसला फक्त वर आलेला हात. मी पुढे होतो नाना, हे तुम्हाला बरोबर दिसलं. शेवटचा फेरा उरला होता, माझ्या छातीत अजून दम होता, मला कळत होतं की आज आपण जातो. आणि मी गेलो, पण त्याच्या लेनमध्ये.

मी त्याला धरल्यावर तो ओरडला, "सोड रे, वेडा झालास काय?" ते त्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. मग शिट्टी आहे. मग सगळे हसतात. खूप वेळ हसतात. ज्याने तो काढला त्याचा हात हसून हलतो, म्हणून शेवटी चित्र हलतं. तुम्हाला वाटलं असेल पाणी उसळलं.

पंचांनी मला बाद केलं. दुसऱ्याच्या लेनमध्ये शिरून अडथळा आणला, असा शेरा. ऋत्विकला अडथळा झाला म्हणून दुपारी पुन्हा पोहू दिलं, एकट्याला. दुपारपर्यंत त्याची पोटरी सुटली होती. त्या वेळेवर त्याचा दुसरा नंबर लागला. म्हणजे त्याला संघात मीच घातलं. त्याचं काही चुकलं नाही, तो नंतर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मला तो हात सहन झाला नाही.

तुम्ही लिहिलंत, शेजारी बघू नकोस. आणि मी पाच वर्षांचा असल्यापासून शिकवलंत, बघ. दोन्ही कसं करायचं? विचार मागून करायचा म्हणालात. मागून केला. आता रोज करतो. नेम शिकवलात, पण तो कुठल्या पाण्यात चालतो आणि कुठल्या पाण्यात माणसाचं हसं होतं, ते शिकवलं नाहीत. नारळ बांधून मला सोडलंत ते तुमच्या खाडीसाठी. तिथून मला बाहेरच येता आलं नाही.

मी हरलो असतो तर गप्प बसलो असतो. तुमच्या शिकवणीने मला हरवलं, ते मला गिळवत नाही.

पिशवी आणली. उघडली नाही. मला कुणाचा वाटा नको. मी कुणाला वाचवलेलं नाही. काल ती मेसवाल्याला देऊन टाकली.

पप्पांनी तिकडचं पक्कं केलंय. परीक्षा झाली की जायचं. त्यांना वर्षभर थांबायला सांगू नका. मला आता पाणीच नको झालंय.

हमझा


जुनी तर
११ नोव्हेंबर २०२४

हमझा,

तुझं पत्र मी हफीजाला वाचायला दिलं नाही. एकट्याने वाचलं.

मग तिला बोलावलं, मोबाइल घेतला आणि म्हटलं, हे लाव आणि ऐकू येईल ते कागदावर लिहून दे. ती तयार होईना. मी हात जोडले. तेव्हा तिने पेन घेतलं. आधी नुसतं लिहिलं, "हसतायत." मी म्हटलं, पूर्ण लिही. तिने लिहिलं. तो पोरगा काय बोलला ते, शिट्टी, एक बाई "अरे देवा" म्हणाली ते, कोणीतरी तुला "हिरो" म्हणून हाक मारली ते. लिहिताना ती पेन थांबवून माझ्याकडे बघायची आणि मी बोटाने पुढचं दाखवायचो. पान भरलं. आपल्या पोरीच्या हातून मी हे लिहून घेतलं, तिच्याच पोराबद्दल.

मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. मी तो मोबाइल घेऊन जेटीवर फिरलो होतो. बहिरा मी एकटा आहे. बाकी सगळ्यांना ऐकू येत होतं. काशीरामला, होड्यांवरच्या सगळ्यांना, समोर बसवलेल्या पोरांना. मी छाती काढून उभा, मोबाइल हातात, आणि त्यातून लोक तुला हसतायत. एकानेही मला सांगितलं नाही. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आपापल्या घरात जाऊन मासळी आणली. तो वाटा त्यांनी तुला दिला की माझी कीव करून दिला, ते मला कळत नाही. विचारायचं धैर्य नाही. काशीराम समोर आला तर मी वाट बदलतो.

तू लिहिलंस ते खोटं नाही. मी खाडी बघितली आणि समुद्र बघितला. ज्या पाण्याला तळाशी फरशी असते, जिथे बाजूला खुर्चीवर माणूस बसवलेला असतो, ते पाणी मी कधी बघितलं नाही. मला वाटलं पाणी म्हणजे पाणी.

एकच विचारतो, रागावू नकोस. तुझ्यासाठी तिथे कोणी काही टाकून आलं का? तुझे सर, तुझे दोस्त, कोणी एक? तू बाहेर आलास तेव्हा पंचा तरी कोणी दिला का?

पोरांना मी येऊ नका म्हणून सांगितलं आहे. हफीजाने त्यांच्या आयांना सांगितलं की नानांचे गुडघे दुखतात.

तुझा नाना


कुवेत
१८ जुलै २०२५

प्रिय नाना,
अस्सलाम आलेकुम.

हे पत्र झरीनच्या मैत्रिणीच्या भावाच्या हाती पाठवतोय, तो सुट्टीवर येतोय. तुमच्या नोव्हेंबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. परीक्षा, मग व्हिसा, मग घरी आलो तरी दिलं नाही. त्या पंधरवड्यात आपण ओटीवर किती बसलो नाना, आणि मी तुमच्याशी हवेबद्दल बोललो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून राहिलं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. ओठ हलवले असते तर तुम्ही वाचले असते, तुम्ही माझे ओठ कायम वाचत आलात. निघताना स्टँडवर तुम्ही माझा हात धरून ठेवला होता आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला कळत होतं तुम्ही कशाची वाट बघताय. मी तोंड उघडलं नाही.

तुम्ही विचारलं होतं, पंचा कोणी दिला का? दिला. हरिश्चंद्र सरांनी. देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी चिडून लिहिलं ते लिहायला नको होतं. पण ते वाटलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. तुम्हाला वाटलेलं लिहायची सवय तुम्हीच लावलीत.

काम बरं आहे. गोदामात माल उतरवून घ्यायचा आणि जागेवर लावायचा. आत थंडगार असतं, बाहेर पाऊल टाकलं की भट्टी. पप्पा आणि मी एकाच खोलीत राहतो. त्यांना मी आल्याचा इतका आनंद आहे की रोज माझ्यासाठी काहीतरी रांधतात. रात्री जेवताना मला बघत बसतात. इतकी वर्षं ते इथे एकटे जेवले, हे मला इथे येईपर्यंत सुचलंच नव्हतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. दर शुक्रवारी गोदामातली माणसं समुद्रावर जातात. मी सुरुवातीला दोनदा गेलो. दुसऱ्यांदा काठावर उभा होतो. पाण्यात एक लहान पोरगा होता, कमरेएवढ्या पाण्यात, आणि त्याचा पाय घसरला असावा. हात वर आला. नाना, मी उभा राहिलो. मी आधी बघितलं, खरंच बुडतोय का. मग बघितलं, आजूबाजूला कोणी धावतंय का. मग मनात आलं, आपण गेलो आणि काही नसलं तर सगळे हसतील. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं आणि माझे पाय वाळूत होते. मग त्याचा बाप गेला. पोराला काही झालं नव्हतं, तो खिदळत होता.

पण मी बघत राहिलो ना. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं की त्याला काही होणार नाही.

त्या दिवसापासून मी समुद्रावर जात नाही. गोदामातल्यांना वाटतं मला पोहता येत नाही. त्यांना तसंच वाटू दिलंय.

नाना, पोरांना पुन्हा बोलवा. माझ्यासाठी बोलवा. तुम्ही घरात बसून आहात असं अम्मी सांगते, ते मला इथे झोपू देत नाही.

तुमचा,
हमझा


जुनी तर
६ ऑगस्ट २०२५

हमझा बेटा,
वालेकुम सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते खिशात घालून जेटीवर गेलो आणि तिथे वाचलं, कारण घरात हफीजा माझं तोंड बघत बसते.

तू वाळूत उभा राहिलास, ते वाचून मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. परक्या देशात, परक्या पाण्यात, माझं एकटं पोर, कशाला उडी मारावी त्याने? त्याला काही झालं तर तिथे त्याच्यासाठी कोण जाळं सोडणार आहे? असं मला वाटलं, मला, मजीदला. आणि मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच बसून राहिलो. काशीराम होडी लावत होता. तो येऊन शेजारी बसला. बऱ्याच महिन्यांनी आम्ही दोघं शेजारी बसलो.

तू त्या दिवशी तलावात जे केलंस ते चूक होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. आणि बरोबर होतं असं म्हटलं तर तुझं आयुष्य माझ्यासमोर उभं राहतं. रात्रंदिवस हेच चालू असतं. तुला धीर द्यावा असं एकही वाक्य माझ्यापाशी नाही. असतं तर नोव्हेंबरमध्येच दिलं असतं.

तुझा बाप तुझ्यासाठी रांधतो, ते मात्र चांगलं वाटलं. पोटभर जेव. त्याला आवडलं म्हणून सांगत जा.

पोरांना बोलावलं. तू सांगितलंस म्हणून. नारळी पौर्णिमेची वाट न बघता कालच बोलावलं, जेटीजवळचं पाणी शांत होतं. पाच आली. काशीरामचा धाकटा नातू नवा आहे, बाकीची जुनी. एकेकाच्या पाठीला नारळ बांधले. गाठी मारायला आता वेळ लागतो, बोटं नीट वळत नाहीत. बांधून झाल्यावर पोरं आपणहून रांगेत उभी राहिली, हात जोडून, माझ्याकडे तोंड करून. त्यांना सवय आहे.

मी तोंड उघडलं. पहिला शब्द येईना. सगळी माझ्याकडे बघत होती आणि मला त्या रांगेत तू दिसत होतास, नारळ सोडा म्हणून रडणारा. मी म्हटलं, उतरा.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी पुन्हा हात केला, उतरा. चार उतरली. काशीरामचा नातू तसाच उभा. त्याला घरून कुणीतरी शिकवून पाठवलं असणार. तो म्हणाला, "नाना, नेम?"

त्याच्या ओठांवर मला स्पष्ट दिसलं. मी कानाला हात लावला आणि मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. त्याने जवळ येऊन पुन्हा विचारलं. या वेळी ओरडून विचारलं असावं, कारण पाण्यातली पोरंही वळून बघायला लागली. मी खाडीकडे बघत राहिलो.

तुझा,
नाना